महायुद्धातल्या कॅनेडियन लष्करी ट्रकांचे दुर्मिळ प्रकार कसे शोधावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लष्करी ट्रकांबद्दल विचारणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: 'आमच्याकडचा ट्रक जरा वेगळाच आहे.' तो वेगळा असतोच. पण तो कारखान्यातून तसा बाहेर पडला होता, की १९५२ साली एखाद्या गॅरेजमध्ये तसा झाला, एवढंच शोधायचं असतं. खालची उत्तरं एकाच घराण्याच्या ट्रकांपुरती आहेत: कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, म्हणजे सीएमपी. यातले बरेच ट्रक सुट्या भागांच्या पेट्यांमधून मुंबई बंदरात उतरले आणि इथेच जोडले गेले, त्यामुळे आपल्याकडे आजही कुठे ना कुठे त्यांचे अवशेष निघतात.

सीएमपी म्हणजे नेमके कोणते ट्रक?

ब्रिटिश लष्कराच्या मागणीबरहुकूम कॅनडात बनलेले. १९३७ च्या सुमारास नमुने तयार झाले, १९४० पासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि १९४५ पर्यंत चाललं. फोर्डचा कारखाना विंडसरला, शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा ओशावाला. दोन्ही गावं ऑन्टारिओ प्रांतातली. युद्धकाळात कॅनडाने सगळ्या प्रकारची मिळून आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली, त्यात सीएमपीचा वाटा साधारण निम्मा.

लांबून ओळखायची खूण म्हणजे बसकं, चपटं नाक. जहाजात कमी जागा लागावी म्हणून ब्रिटिशांना आखूड गाडी हवी होती, आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं होतं. इंजिनं मात्र अमेरिकी धाटणीची, मोठी. त्यामुळे इंजिन जवळजवळ केबिनमध्येच घुसलेलं असतं आणि ड्रायव्हरचे पाय कुठे ठेवायचे याचा फारसा विचार कोणी केलेला दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये असा ट्रक चालवलेला माणूस त्याबद्दल चांगलं बोलत नाही.

एक गल्लत नेहमी होते. क्रायस्लरने कॅनडात बनवलेले डॉज ट्रक आणि शेव्हरोलेचे लांब नाकाचे लष्करी ट्रक हे सीएमपी नव्हेत. व्यापारी मॉडेलमध्ये फेरफार करून ते लष्करासाठी काढलेले होते. वाळवंटात शत्रूच्या पिछाडीला फिरणाऱ्या ब्रिटिशांच्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा प्रसिद्ध शेव्हरोले १५३३एक्स२ हा याच दुसऱ्या गटातला. त्याच तुकडीने त्याआधी वापरलेला फोर्ड एफ३० मात्र सीएमपी. चारही चाकांना ओढ असलेला, दणकट, पण पेट्रोल पिणारा. वाळवंटात तो नकोसा झाला तो त्यामुळेच.

सी१५ए, एफ६०एल ही नावं कशी वाचायची?

पहिलं अक्षर कंपनीचं: सी म्हणजे शेव्हरोले, एफ म्हणजे फोर्ड. आकडा म्हणजे भारक्षमता, हंड्रेडवेटमध्ये. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. म्हणजे १५ चा ट्रक साधारण ७६० किलोंचा आणि ६० चा तीन टनी. शेवटच्या अक्षरांत 'एस' म्हणजे आखूड आणि 'एल' म्हणजे लांब चासिस. सी१५ला मागच्या चाकांनाच ओढ, सी१५एला चारही चाकांना.

मोजपट्टी घेऊन पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्यांतलं अंतर मोजा. १०१ इंच आलं तर ८ किंवा १५ हंड्रेडवेटचं कुळ, नाहीतर तोफ ओढणारा ट्रॅक्टर. १३४ आलं तर ३० किंवा ६०एस. १५८ आलं तर ६०एल. या तिन्हींत न बसणारा आकडा आला, तर हुरळून जाण्याआधी चासिसवर वेल्डिंगचा सांधा शोधा. बस किंवा मालट्रक करण्यासाठी चासिस कापून लांबवणं युद्धानंतर सर्रास चालायचं. पत्र्याखाली, जिथे चासिसची पट्टी दुहेरी केलेली दिसते, तिथे हात फिरवून पाहा.

केबिनवरून साल ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो, पुरावा होत नाही. केबिन तीन प्रकारची: क्रमांक ११, १२ आणि १३. पहिल्या दोन बाहेरून बऱ्याच सारख्या दिसतात, काच सरळ उभी. त्यांच्यातला फरक बोनेट आणि रेडिएटरची जाळी एकमेकांना कशी जोडली आहे त्यात आहे. १९४१ पासून आलेली १३ नंबरची केबिन चटकन ओळखू येते, कारण समोरच्या दोन्ही काचा खालच्या बाजूला आत झुकलेल्या आहेत. उन्हाची तिरीप कमी व्हावी आणि काचेची चमक विमानातून दिसू नये म्हणून तसं केलं. याच केबिनचा कापडी टपाचा अवतार म्हणजे क्रमांक ४३.

मग पुरावा का नाही? कारण केबिन म्हणजे पत्रा, आणि पत्रा सगळ्यात आधी सडतो. सत्तर-ऐंशी वर्षांत एका ट्रकची केबिन दुसऱ्यावर चढलेली असणं मुळीच नवलाचं नाही. ११ नंबरची केबिन आणि खाली १९४३ ची चासिस असं कडबोळं निघालं तर तो 'संक्रमणकाळातला दुर्मिळ नमुना' नव्हे. ती कुणातरी मिस्त्रीची काटकसर आहे.

खरोखर दुर्मिळ म्हणावेत असे प्रकार कोणते?

शेव्हरोले सी६०एक्स: सहा चाकी, सहाही चाकांना ओढ, आणि आत शेव्हरोलेच्या नेहमीच्या इंजिनाऐवजी जनरल मोटर्सच्याच जीएमसी ट्रकांचं २७० घनइंचाचं इंजिन. असा ट्रक कुठे आहे असं कुणी सांगितलं तर मी जेवण सोडून जाईन.

फोर्ड एफ६०एच हा त्याहून गमतीचा. सहा चाकं, पण ओढ चारच चाकांना, आणि तीही पुढच्या व मधल्या एक्सलला. शेवटचा एक्सल नुसता मागून फरपटत येतो. आता अडचण अशी की साध्या चारचाकी तीन टनी ट्रकाला जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक रिकामा एक्सल जोडला, की दिसायला अगदी हाच ट्रक तयार होतो. म्हणून मागच्या एक्सलकडे पाहत बसू नका. त्याचे पाटे ज्या ब्रॅकेटवर बसलेत ते पाहा. कारखान्याचे रिवेट एकसारखे, एका ओळीत. गॅरेजमध्ये बोल्ट असतात आणि भोकं गॅसकटरने पाडलेली असतात.

तोफ ओढणारे ट्रॅक्टर, म्हणजे शेव्हरोलेचा सीजीटी आणि फोर्डचा एफजीटी, संख्येने इतके कमी नव्हते. २५ पौंडी तोफ आणि तिची दारूगोळ्याची गाडी ओढायला ते बनवले होते. पण त्यांची उतरत्या पाठीची बंदिस्त बॉडी नागरी कामाला निरुपयोगी, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी काढून टाकली गेली. चासिस उरली, ट्रॅक्टर गेला. मूळ बॉडीसकट मिळणं म्हणूनच अवघड.

चिलखती भावंडं वेगळीच मोजावी लागतात. ऑटर नावाची टेहळणी गाडी १,७६१ बनली. सी१५टीए हा चिलखती ट्रक चार हजारांच्या जरा आत. आणि चिलखत नसलेली सी८ए ही स्टेशन वॅगनसारखी गाडी सुमारे तेरा हजार. ती दुर्मिळ म्हणून विकायला आली तर किंमत ऐकून नुसतं हसावं.

बिल्ला गेलेला आहे. फोर्ड की शेव्हरोले?

इंजिन मूळचं असेल तर पाच सेकंदांचं काम. फोर्डचं २३९ घनइंचाचं व्ही-८, ९५ अश्वशक्तीचं. त्याच्या रेडिएटरला वरच्या बाजूला दोन होज असतात, प्रत्येक बाजूच्या सिलिंडरांना एक. शेव्हरोलेचं २१६ घनइंचाचं, सहा सिलिंडर एका रांगेत, ८५ अश्वशक्तीचं. त्याला वर एकच होज. इंजिन बदललं असलं तरी जुना रेडिएटर पुष्कळदा तसाच ठेवलेला असतो आणि त्याची नको असलेली नळी बुच मारून बंद केलेली दिसते. बोनेटखाली एवढं तरी बघून मगच फोटो काढा. नुसते बाहेरून काढलेले फोटो पाठवणाऱ्यांना मला हेच परत विचारावं लागतं.

डॅशबोर्डवर मूळ प्लेट सापडली. आता सिद्ध झालं ना?

नाही. प्लेट चार स्क्रूंवर असते. ती निघते, दुसरीकडे बसते, आणि आता तर नवीन कोरूनही मिळते. शिवाय बॉडी वेगळ्या कंपनीने बांधली असेल तर तिची प्लेट निराळी असते, आणि बॉडीचं साल चासिसच्या सालाशी जुळेलच असं नाही.

माझा नियम असा: एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकच सांगत असतील तरच प्रकार सिद्ध झाला मानायचा. चासिसवर ठोकलेला क्रमांक, ओतीव भागांवरच्या तारखा, आणि त्या काळातला कागद किंवा फोटो. प्लेट ही चौथी. जुळली तर आनंद, नाही जुळली तर तिला बाजूला ठेवायचं. तीनपैकी दोनच मिळाल्या तर 'बहुधा' लिहा. हा शब्द लिहायला लोकांना जीवावर का येतं कोण जाणे.

चासिसचा क्रमांक वाचता येत नाही. काय करू?

ग्राइंडर लावू नका. आधी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर रात्रभर बांधून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने घासा. मग अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून उजेड टाकल्यावर जिथे नुसता गंज दिसतो, तिथे कडेच्या उजेडात आकड्यांच्या सावल्या उभ्या राहतात. खडूची पूड चोळली तर ३ आणि ८ मधला फरक कळतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा आणि तो ठसा जपून ठेवा. फोटोत हरवलेला आकडा पुष्कळदा ठशात सापडतो.

आकडे एका ओळीत नसतील, खोली कमी-जास्त असेल, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झालेला वाटत असेल, तर तो क्रमांक नंतर ठोकलेला आहे. चोरीची गाडीच असेल असं नाही. नोंदणीच्या वेळी नंबर दिसत नाही म्हणून पुन्हा ठोकून घेतलेले ट्रकही असतात. पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग संपला.

ओतीव भागांवरची तारीख म्हणजे काय?

जनरल मोटर्सच्या ओतीव भागांवर एक अक्षर आणि दोन आकडे उठावदार असतात. अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), पहिला आकडा तारखेचा, दुसरा सालाचा शेवटचा अंक. 'सी १४ ३' दिसलं तर तो भाग १४ मार्च १९४३ ला ओतला. ब्लॉक, हेड, गिअरबॉक्सचा डबा, जिथे जिथे मिळेल तिथली तारीख उतरवून घ्या. मूळ ट्रकात त्या सगळ्या एकमेकींच्या मागेपुढे काही आठवड्यांत येतात, आणि चासिस जुळण्याच्या आधीच्या असतात. एक १९४२ ची आणि बाकीच्या १९४४ च्या असतील तर कोणता भाग बदललाय ते तिथेच कळलं. सालाचा एकच अंक असतो, त्यामुळे ३ म्हणजे १९४३ की १९५३, हे इंजिनाच्या प्रकारावरून ठरवावं लागतं.

भारतात आणखी एक भानगड: २१६ खराब झालं की शेव्हरोलेचं युद्धानंतरचं २३५ बसवत, किंवा सरळ पर्किन्सचं पी६ डिझेल. आणि जीएमसीच्या सहा चाकी ट्रकांची २७० इंजिनं लष्करी लिलावात मिळायची. त्यामुळे तीन टनी शेव्हरोलेत २७० दिसलं म्हणजे सी६०एक्स सापडला असं नव्हे.

मुंबईत हे ट्रक खरंच बनत होते का?

बनत नव्हते, जोडले जात होते. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला १९२८ पासून होता. युद्धात कॅनडाहून सुटे भाग पेट्यांतून येत आणि इथे गाडी उभी राही. लाकडी किंवा पत्र्याचे हौदे मात्र पुष्कळदा इथल्याच बनावटीचे. संशोधकाच्या दृष्टीने हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. कॅनडातल्या किंवा ब्रिटनमधल्या छापील पार्ट्स लिस्टमध्ये नसलेला हौदा दिसला की लोक 'नंतर बदललेला' म्हणून मोकळे होतात. तो १९४३ मध्येच, लष्करासाठीच, इथे बांधलेला असू शकतो. लाकूड कोणतं आहे, कोपऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या रिवेटच्या आहेत की वेल्डिंगच्या, ताडपत्रीच्या कमानी बसवायची खोबणी आहे का, हे नोंदवून ठेवा. हौदा बदलून 'कॅनडासारखा' करायची घाई नको. परदेशी छायाचित्र पाहून केलेल्या सजावटीत इथला इतिहास आधी भंगारात जातो.

'टाटानगर' नावाची गाडी याच घराण्यातली का?

हो. इंडियन पॅटर्न चिलखती कॅरिअर. चासिस कॅनेडियन फोर्डची, चिलखताचा पत्रा जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाचा, म्हणून सैनिकांनी हे नाव पाडलं. साडेचार हजारांहून जास्त बनल्या. भारतीय तुकड्यांनी त्या आफ्रिकेपासून इटली-ब्रह्मदेशापर्यंत वापरल्या. आज पूर्ण गाडी मिळणं कठीण, कारण चिलखत काढून खालची चासिस ट्रक म्हणून चालवणं सोपं होतं. त्यामुळे एखाद्या फोर्ड सीएमपी चासिसवर न समजणारे जाड ब्रॅकेट आणि भोकं दिसली, तर हा पर्याय मनात ठेवावा.

कागद आणि फोटो कुठे शोधायचे?

ओटावातलं लायब्ररी अँड आर्काइव्ज कॅनडा, इंग्लंडात बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम आणि लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम, कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या फोटोंना क्षेत्रानुसार अक्षरं आहेत: 'आयएनडी' भारत, 'एसई' आग्नेय आशिया, 'ई' मध्यपूर्व. मॉडेलचं नाव टाकून शोधलंत तर फारसं हाती लागत नाही, कारण फोटोखालची ओळ लिहिणाऱ्याने 'लॉरी' एवढंच लिहिलेलं असतं. तुकडी, गाव, महिना यांवरून शोधा. मणिपूर, कोहिमा, इरावती पार करणं अशा फोटोंच्या पार्श्वभूमीत ट्रक उभे असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ऑनलाइन आहे. तिथे ट्रक शोधण्यापेक्षा पुरवठा आणि निविदांच्या फायली चाळा.

बोनेटच्या कडेला पांढऱ्या रंगात लिहिलेला क्रमांक दिसला तर पहिलं अक्षर पाहा. 'एल' म्हणजे एक टनावरच्या लॉऱ्या, 'झेड' म्हणजे त्याहून हलके ट्रक, 'एच' म्हणजे तोफांचे ट्रॅक्टर, 'ए' रुग्णवाहिका. पुढच्या मडगार्डवरच्या चौकोनात वर लाल आणि खाली निळा रंग असेल तर गाडी तोफखान्याची. अर्थात कृष्णधवल फोटोत लाल-निळं ओळखायचं म्हणजे राखाडीच्या दोन छटांचा खेळ आहे, आणि त्यात फिल्मचा प्रकारही घोटाळा करतो.

आमचे आजोबा लष्करात ड्रायव्हर होते. घरात एक फोटो आहे. त्याचा उपयोग?

भरपूर. सातारा, कोल्हापूर, कोकण या भागांतून असंख्य माणसं त्या युद्धात गेली, आणि ट्रकाच्या मडगार्डला टेकून काढलेला फोटो जवळजवळ प्रत्येकाने घरी पाठवला. फोटो फ्रेममधून काढून मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गाव, कधी सेन्सॉरचा शिक्का तिथे असतो. ६०० डीपीआयपेक्षा कमी नको. आजोबांच्या खांद्यामागे दिसणारा अर्धा आकडाही कामाचा असतो. आणि फोटो कुणाला देऊन टाकू नका, प्रत द्या.

मूळ रंग कसा शोधायचा?

डॅशबोर्डच्या मागे, प्लेटखाली, बॅटरीच्या डब्याच्या तळाशी. रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा आणि पाण्याचा पॉलिश पेपर गोल फिरवत घासा, आधी ४००, मग ८००, मग १२००. थर कडीसारखे एकात एक उघडे पडतात. बाहेरचा पिवळा-नारिंगी लॉरीचा, मग रेड ऑक्साइड, मग लष्करी. युद्धाच्या मधल्या काळात ब्रिटिश गाड्यांवर तपकिरी छटा होती, १९४४ पासून ऑलिव्ह हिरवा आला. वाळवंटातल्या गाड्या फिकट दगडी रंगाच्या. तपकिरी थराला लोक गंज किंवा प्रायमर समजून घासून टाकतात. मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग सापडला तर तो लष्करीच: रात्री दिवे विझवून ताफा चालताना मागच्या ड्रायव्हरला एवढाच ठिपका दिसायचा.

चाक काढून आतला नंबर बघू का?

या ट्रकांची बरीच चाकं दोन अर्ध्या भागांची, बोल्टनी एकत्र जोडलेली असतात. टायरात हवा असताना ते जोडबोल्ट सैल केले तर चाक स्फोटासारखं उडतं; माणसं मेली आहेत. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पान्याला हात लावा. टायरवाल्यालाही हे आधी सांगा, कारण आजच्या पोराने असं चाक पाहिलेलंच नसतं.

आरसी बुकात मॉडेल १९४२ लिहिलंय. ते धरून चालू का?

नको. लिलावात घेतलेल्या ट्रकाची नोंदणी करताना साल पुष्कळदा अंदाजाने लिहिलं गेलं. आरसीचा खरा उपयोग नोंदणीची तारीख आणि पहिला मालक कळण्यासाठी.

विंटेज म्हणून नोंदणी होईल का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००. पण नियमात दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी एवढेच वर्ग आहेत, मालट्रक नाही. शिवाय चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे, आणि पर्किन्स बसवलेला ट्रक त्यात अडकतो. सी८ए वॅगन असेल तर बोलून पाहायला जागा आहे. बाकीच्यांनी ट्रक विकत घेण्याआधी जुनं आरसी जिवंत आहे का ते आरटीओत तपासून घ्यावं, आणि विकणाऱ्याने 'कागद नंतर देतो' म्हटलं तर पैसेही नंतरच द्यावेत.